तामसीतली बोट आणि आमचे मावसाजी

आमचे मावसाजी सलग दहा मिनिटं एका जागी बसलेले पाहिले, असं कुणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतो आहे असं आमच्या नात्यागोत्यात खुशाल समजलं जातं. पेशाने ते सुतार. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने वाळलेले, कानावर पेन्सिल, आणि नजर सतत कुठल्या ना कुठल्या लाकडाच्या सांध्यावर. जेवताना तिसऱ्या घासाला ते उठतात, खिडकीची कडी हलवून बघतात, "हे असं काऊन?" असं त्या कडीलाच विचारतात आणि परत येऊन चौथा घास उभ्यानेच घेतात. तामसीहून आदिलाबादला जाताना बसमध्ये जागा मिळाली तरी तिचा उपयोग नसतो, कारण समोरच्या सीटचा ढिला स्क्रू त्यांना दिसतो आणि त्यांच्या खिशात पेचकस असतोच. एकदा कंडक्टरने दचकून "एं चेस्तुन्नाव, पेद्दायना?" म्हणजे काय करतोयस, म्हाताऱ्या, असं तेलुगूत विचारलं. मावसाजींना प्रश्न नेमका कळला, पण उत्तर त्यांनी आपल्याच भाषेत दिलं, "तुही गाडी दुरुस्त करून राह्यलो, बाबू. तू तिकिटं फाड."

कुठे काय करावं याचंही भान त्यांना नसे. दूरच्या नात्यातल्या एका घरी मयतीनंतर आम्ही भेटायला गेलो होतो. माणसं गंभीर चेहऱ्याने सतरंजीवर बसलेली. दर थोड्या वेळाने कुणी नवीन बाई रडत यायची आणि घराचं दार खालून घासत असल्यामुळे तिला ते खांद्याने ढकलावं लागायचं. मावसाजी चौथ्या बाईपर्यंत कसेबसे थांबले. मग उठले, शेजारच्या घरून रंधा मागून आणला, दार बिजागरीतून काढलं आणि अंगणात आडवं घालून तासायला घेतलं. डोकं भादरलेला, सुतकातला मुलगा दुसऱ्या टोकाला दार धरून उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना मावसाजींनी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "आता रडाले येनाराले तरास नाही." तो मुलगा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, असं नंतर कळलं.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकही वस्तू पुरी नव्हती. मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं त्यांनी लेकीच्या लग्नाआधी 'जरा बरी करायला' म्हणून काढली होती. लेकीची लेक शाळेत जायला लागली तरी ती दारं परत आली नाहीत. मावशीने तिथे जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि विषय संपवला. ती तक्रार करणारी बाई नव्हे. नवरा घरात आला की ती फक्त पाण्याचा तांब्या वाटेत ठेवायची, म्हणजे जाता जाता तो पिऊन तरी जाईल.

अशा माणसाच्या आयुष्यात बोट आली. भैंसा गावच्या एका जिनिंगवाल्या शेठने मुंबईकडच्या किनाऱ्यावरून एक जुनी इंजिनाची बोट विकत घेतली. कधी काळी कुणा धनवंताची हौसेची बोट असावी. आत झोपायला बाकं, खणांची कपाटं, गोल खिडक्या, सगळं सागवानी. जवळच्या एका धरणात ती फिरवायची आणि लोकांना सैर घडवायची, असा शेठचा बेत होता. तामसीबाहेर त्याचं एक बंद पडलेलं जिनिंगचं आवार होतं, तिथे ती ट्रेलरवरून आली. वाटेतल्या विजेच्या तारा बांबूने वर उचलायला लागल्या, आणि कापूस वेचायला निघालेल्या बाया कपाशी सोडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. खालचा सांगाडा आणि इंजिन बघायला किनाऱ्याकडचे कारागीर येणार होते. आतलं लाकूडकाम करणारा कुणी हवा होता. मावसाजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. धरणातल्या होडीतही ते कधी बसले नव्हते. त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. शिडी चढून ते आत गेले आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी घाबरून आत डोकावलो. मावसाजी मधोमध उभे होते, हात खाली सोडलेले. लाकूड उन्हापाण्याने काळवंडलं होतं, खण फुगून अडकले होते, छताच्या पट्ट्या लोंबत होत्या. "बापू," ते हळूच म्हणाले, "हे आपल्याकडचंच सागवान असंन काय रे?" मला काय कळणार? मी तामसीच्या शाळेतला कारकून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. ओळंबा लावला तर बोट तिरकी. दोन दिवस खपून त्यांनी ठोकळे आणि पाचरी मारून ती पाणसळीत आणली, तेव्हा ध्यानात आलं की आत सरळ असं काही नाहीच. भिंत वाकडी, कपाट वाकडं, खणाचा तळसुद्धा एका बाजूला निमुळता. पन्नास वर्षं ज्या गुण्याने काटकोन पारखले तो गुण्या त्यांनी रागाने पिशवीत टाकला. गावातल्या मिठाईच्या दुकानातून रिकामे खोके आणून त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापायला घेतले. एक साचा कापायचा, लावून बघायचा, फेकायचा, दुसरा कापायचा. भिंतीचा एक बाक जुळेपर्यंत सतरा-अठरा साचे जात. मधेच शिडी उतरून आवाराला फेरी मारायची आणि धावत परत चढायचं. किनाऱ्याकडून आलेला म्हातारा कारागीर मला म्हणाला, "तुमचे हे मिस्तरी रोज बोटीतून मुंबईपर्यंत चालत जातात."

मग एक दिवस शेठ आला. त्याच्याबरोबर शहरातला एक सजावटवाला होता, हातात रंगीत चित्रं. पांढरा सनमायका, छतात निळे दिवे. "मिस्तरी, पुराना सब निकालो," शेठ म्हणाला. मावसाजींनी चित्रं उलटीसुलटी पाहिली. त्यांनी शेठचा दंड धरला आणि त्याला आत नेलं. एक कपाट तेवढं पुरं झालं होतं. "इसको खोलो," ते म्हणाले. शेठने खण ओढला. तो बोटभर ताकदीने बाहेर आला आणि सोडल्यावर अलगद आत गेला. शेठने तो पुन्हा ओढला, पुन्हा लोटला. पाच वेळा. सजावटवाला बाहेर घड्याळ बघत उभा होता. "चलो, ऐसेच करो," शेठ म्हणाला आणि शिडी उतरला. पण जाताना त्याने पाण्यात उतरवायची तारीख ठरवून टाकली.

काम झालं, आणि खरी परीक्षा व्हार्निशने घेतली. सात हात द्यायचे, आणि प्रत्येक हातानंतर पूर्ण एक दिवस थांबायचं, असं त्या म्हाताऱ्या कारागिराने बजावलं होतं. थांबायचं! मावसाजींना! पहिला हात दिला आणि तासाभरात त्यांनी वाळलं का ते बघायला बोट लावलं. ठसा उमटला. घासून पुन्हा दिला. पुन्हा ठसा. चौथ्यांदा तेच झालं तेव्हा किनाऱ्याकडचा म्हातारा सरळ मावशीकडे गेला. मावशी दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन आवारात आली आणि शिडीच्या पायथ्याशी स्टुलावर बसली. "बोटीले बोट लावू नका म्हनलं ना? आता जाऊन दाखवा वरतं."

मावसाजींनी दोनदा फेरी मारली, एकदा शिडीला हात लावला, मावशीने डोळे वटारले, आणि शेवटी ते तिच्या शेजारी एका ठोकळ्यावर टेकले. शाळेतून परतताना मी हे दृश्य पाहिलं आणि सायकलवरून उतरलो. तिसऱ्या दिवशीही ते तसेच. दोघं बोलत होती. मावशी माहेरच्या कुठल्या म्हशीची गोष्ट सांगत होती आणि मावसाजी चक्क ऐकत होते.

पाचव्या दिवशी दोघं घरून चालत आली. घर ते आवार रस्ता थोडा, पण मावशी तीनदा थांबली. मावसाजी आयुष्यभर तिच्या दहा पावलं पुढे चालत आले होते. आता सोबत होते म्हणून त्यांना दिसलं.

"दम काऊन लागते तुले?"

"लागते असाच," मावशी म्हणाली. मग स्टुलावर बसून, श्वास खाली आल्यावर, तिने सांगितलं, "दोन वर्सं झाले. आदिलाबादले डाक्टरकडं जाऊन आली मी. काळजातला पडदा खराब हाय म्हने. मोठ्या दवाखान्यात जा म्हनलं त्यानं."

"एकटीच गेलती?"

"बसनं."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"अजी, सांगाले तुमी थांबत होते कवा?"

मी जवळच उभा होतो. मावसाजींनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत कानावर ठेवली. उठले नाहीत. ते उठले नाहीत याचीच मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात नागपूरला जायचं ठरलं. सातवा हात राहिला होता आणि बोट निघायला चार दिवस होते. शेठने निरोप धाडला की दोन दिवस थांबा, मग गाडी देतो. मावसाजींनी निरोप आणणाऱ्याला फक्त मान हलवून नाही म्हटलं. ब्रश माझ्या हातात दिला. "धुराळा उडू देजो नको. एका दमात ओढ. मागं वळून पाहू नको."

मी शाळेला सुट्टी टाकून तो हात दिला. नागपूरच्या दवाखान्यातून दर अर्ध्या तासाला फोन येत होता. "कोपऱ्यात साचलं नाही ना? बोट लावलं काय तू?" "नाही, मावसाजी." "खरं सांग." पलीकडे नर्स त्यांना एका जागी बसायला सांगत असलेली ऐकू यायची. कुठल्याशा खाटेचं चाक करकरतं म्हणून मावसाजी ते काढायच्या बेतात होते.

बोट पाण्यात उतरली त्याच दिवशी सकाळी मावशीला ऑपरेशनला आत नेलं होतं. मी धरणाच्या काठावरून फोनवर चित्रफीत काढून पाठवली. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, बोट डुलली आणि सरळ झाली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाहेर आनलं तिले. डोळे उघडले तिनं." बोटीचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाह्यलं थोडंसं. मंग पाहीन नीट."

मावशी आता बरी आहे. चालते, स्वयंपाक करते, पण लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय. मावसाजींची दाराखिडक्यांशी भांडणं अजून चालूच आहेत, पण ती सगळी घराच्या शंभर पावलांच्या आत. तिला सोडून ते कुठे जात नाहीत. आदिलाबादची मोठमोठी कामं त्यांनी परत पाठवली आहेत.

मागच्या महिन्यात शाळेची सहल घेऊन मी धरणावर गेलो. पोरं वर आरडाओरडा करत होती आणि मी खाली त्या आतल्या खोलीत जाऊन बसलो. दुपारचं ऊन गोल खिडकीतून पाण्यावरून आत येत होतं आणि छताच्या सागवानी पट्ट्यांवर उजेडाच्या लाटा चालल्या होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थांबतच नव्हत्या. तामसीच्या कोरड्या आवारात हे कधी दिसणं शक्यच नव्हतं. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

"मावसाजी, तुमच्या छतावर पाणी हलून राह्यलं."

"गळते काय?" ते ओरडले.

"नाही, नाही. उजेड. खालच्या पाण्याचा उजेड वर पडतो. लाकडावर चालतो."

पलीकडून मावशीचा आवाज आला, "कोनाचा फोन हाय?"

"कसा चालते रे?" मावसाजींनी विचारलं. "कुठून कुठं जाते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. खिडकीपाशी सुरू होतो म्हणालो, मग मधल्या पट्टीवर फुटतो, मग... मला धड सांगता येईना. ते मधेमधे "हं" म्हणत होते. मग पोरांनी मला वरून हाका मारल्या आणि मी म्हणालो, तुम्ही एकदा येऊनच बघा.

"येऊ की," मावसाजी म्हणाले. "हिले जरा बरं वाटू दे." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "तू बस अजून थोडा वेळ. पाहून घे."