उधव्यातलं राहिलेलं एक घर

बायबल शिकायला निघालो तेव्हा पाळक म्हणाले, "ज्यांचं वाईट केलंस, त्यांच्या घरी जाऊन आधी माफी माग. मग सेवेचं बघू." आमच्या उधवा गावात मी चार घरी जाऊन आलो. पाचवं घर मोठ्या भावाचं होतं. त्याच्या शेताचा बांध मी चोरून हातभर सरकवला होता. तिथे पाय वळले नाहीत. पाळकांना मात्र सांगितलं, "सगळी घरं झाली." त्या खोट्यावर मी जन्मभर प्रवचनं केली.

गेल्या महिन्यात कासा गावच्या दवाखान्यात भावाच्या खाटेपाशी उभा राहिलो.

"दादा, बांध मी सरकवला होता. माफ कर."

"ठाऊक आहे. तेव्हा तू घरोघर फिरतोयस कळलं, म्हणून भाताची आवणी सोडून दारात बसलो होतो. तुझ्या वहिनीने चहा दोनदा गरम केला."

मी हात जोडले. तो थोडा सरकला आणि मला बसायला जागा केली.