मिसेस प्रिचर्डच्या आईचा तवा

सत्त्याऐंशी सालचा ऑगस्ट, शुक्रवार सकाळ. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका कॉटेजमध्ये मी तवा घासत उभी होते.

आम्ही नॉटिंगहॅमहून आठवड्यासाठी आलो होतो. माझा नवरा सुधीर, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर... दोन मुलं... आणि देवगडहून पहिल्यांदाच इकडे आलेल्या सासूबाई. कॉटेज सेल्फ-केटरिंग, म्हणजे घर त्यांचं, स्वयंपाक आपला. गाडीच्या डिकीत कपड्यांपेक्षा डाळ-तांदूळ आणि पिठांचे डबेच जास्त होते.

शनिवारी सकाळी दहाला घर सोडायचं होतं. मालकीणबाई मिसेस प्रिचर्ड चादरी बदलायला येणार, मग पुढचं कुटुंब. दारामागे त्यांनी एक कागद लावला होता... घर जसं मिळालं तसं ठेवून जावं.

मला तेवढं पुरेसं वाटत नव्हतं. इंडियन लोक राहून गेले की घराला वास राहतो, हे मी दोनदा ऐकलं होतं. एकदा तोंडावर. म्हणून आठवडाभर फोडणी बंद, खिडक्या उघड्या, मुलं कोट घालून जेवायची. आणि शुक्रवारी मी घर घासायला काढलं.

ओव्हन, सिंक, नळ... शेवटी खिळ्याला टांगलेला एक जाड, काळा तवा. त्यावर तारेची घासणी धरली. तासाभराने तो चकचकीत झाला. मला फार बरं वाटलं.

सासूबाई समुद्रावरून परत आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं... बिडं घासलंस?"

पुण्याला माझ्या माहेरी पोळ्यांचा तवा रोज घासला जायचा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, घासायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, वर्षानुवर्षं मुरलेलं तेल. "इतका काळा दहा-वीस वर्षांत होत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी आईचा, आजीचा असणार."

"टांगून ठेव परत," सुधीर म्हणाला. "कुणाच्या लक्षात येतंय?"

"बाईच्या येईल," सासूबाई म्हणाल्या. "तू मुलांना घेऊन बाहेर जा."

उपाय एकच होता. तवा तापवायचा, तेल फिरवायचं आणि त्यावर घावनं घालत राहायचं... धूर होणार, घरभर वास होणार. आठवडाभर जे मी दाराबाहेर ठेवलं होतं, ते सगळं. मी खिडक्या आणखी सताड उघडल्या. मग म्हटलं, "करा, आई."

सासूबाईंनी पदर खोचला. तांदळाचं पीठ भिजवलं, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला. पहिलं घावन फाटलं. दुसरं चिकटलं. पाचव्याच्या सुमारास मुलगी धावत आत येऊन आपल्या मोडक्या मराठीत ओरडली. "आजी, घर जळतो आहे?"

"नाही गं बाय. खायला ये."

इंग्लंडला आल्यापासून त्या माझ्या किचनमध्ये पाहुण्यासारख्या वावरत होत्या. त्या दुपारी मी त्यांना कांदे कापून देत होते. संध्याकाळपर्यंत तवा तपकिरी झाला. काळा नाहीच.

शनिवारी दहाला मिसेस प्रिचर्ड आल्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. चादरींचा गठ्ठा हातात घेऊन त्या आत आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. मी खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या, तरी वास होताच.

मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "तुमचा तवा मी खराब केला. मला माहीत नव्हतं, मी तो घासला. सॉरी."

त्यांनी तवा खाली काढला. त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ.

"माझ्या आईचा आहे," त्या म्हणाल्या. "ती याच घरात राहायची." मग विचारलं, "पण हा परत तेलात तापवला कुणी?"

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी उरलेल्या घावनांची बशी पुढे केली.

मिसेस प्रिचर्ड बसल्या. खाऊ लागल्या. "आई गेल्यावर हा मला माझ्याकडे ठेववेना. म्हणून इथे टांगला. लोक येतात, शोभेचा समजतात... आता दार उघडलं आणि तापल्या तव्याचा हा वास आला, तेव्हा मी तिला हाक मारणार होते."

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते ती?" मी सांगितलं. त्या उठल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.

अकरा वाजेपर्यंत दोघी गॅसपाशी होत्या. कांदा कसा धरायचा, तेल किती... मिसेस प्रिचर्ड आता स्वतः तेल फिरवत होत्या. पुढचं कुटुंब लवकर आलं होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मिसेस प्रिचर्डनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "घर तयार नाही. बीचवर जाऊन या."

निघताना तवा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी परत खिळ्याला टांगला नाही, टॉवेलात गुंडाळून आपल्या गाडीत ठेवला.

परतीच्या वाटेवर सासूबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग त्या म्हणाल्या, "तिला स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस. मी असते तर सुधीरचं नाव सांगितलं असतं."

सुधीर गाडी चालवत होता.

सासूबाईंकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. नंतरही मिळाल्या, थोड्या... पण त्या पहिलीसाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.