डोळे उघडून हवेत

“मॅडम, डोये उघडून देता काय?”

नाचणगावहून आलेल्या कुसुमताईंनी फ्रेम माझ्या डायनिंग टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य हेच बोलल्या. फ्रेममध्ये एक तरुण बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात हार, मान जराशी कललेली, डोळे मिटलेले. मला सांगायची गरज नव्हती. हा मयताचा फोटो होता.

पूर्वी घरोघरी कॅमेरे नव्हते. माणूस गेलं की लक्षात यायचं, अरे, याचा एकही फोटो नाही. मग स्टुडिओवाल्याला बोलावणं जायचं. गेलेल्या माणसाला खुर्चीत टेकवून फोटो काढायचे आणि कुणी सांगितलं तर प्रिंटवर ब्रशनं उघडे डोळे रंगवून द्यायचे. वर्ध्याच्या एका कलर लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं असे फोटो पुष्कळ हाताखालून गेले. लॅब बंद पडली. आता सिंदीला घरीच स्कॅनरवर लोकांचे जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवून देते. स्कॅनर फ्लॅटबेड, म्हणजे झेरॉक्स मशीनसारखा. काचेवर फोटो पालथा घालायचा. त्यानं डायनिंग टेबल बळकावलंय, म्हणून आम्ही नवराबायको खाली बसून जेवतो. ताट उचलून उठताना नवरा रोज स्कॅनरचा उद्धार करतो.

“कोण ह्या?” मी विचारलं.

“माही माय. माह्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी गेली. दुसरा फोटो नाई तिचा. आता सूनबाईले दिवस गेले, तं बंद डोयाचा फोटो तिच्यासमोर भितीवर नको म्हनते सारे.” मग म्हणाल्या, “तसं मलेच पाहाचे हायेत तिचे डोये. आजी म्हने, मायले खाऊन आली. बाप जेवे तं तिकडं तोंड करून. निदान मायनं तरी माह्याकडं पाहावं ना, मॅडम. फोटोतून का होईना.”

मी कामाचं बोलले. “डोळे कॉम्प्युटर आपल्या मनानं काढत नाही, ताई. कुणाचे तरी घेऊन बसवावे लागतात. कुणाचे लावू?”

“माहे लावा. मावशी म्हनते, तसेच हायेत.”

खिडकीपाशी बसवून मी त्यांचा फोटो काढला. पण साठीचे डोळे विशीच्या चेहऱ्यावर काही केल्या बसेनात. आई लेकीपेक्षा म्हातारी दिसायला लागली. त्यात प्रिंट काचेला चिकटलेला. असा प्रिंट ओढून काढला तर चेहऱ्याचा पापुद्राच निघून येतो. काचेसकट स्कॅन केला, तर काचेचे ओरखडेही आले. शेवटी मी फोन लावला.

“याची निगेटिव्ह आहे का कुठं?”

“मावशीपाशी हाय. पन ते कोनाले देत नाई.”

मला नवल वाटलं नाही. स्टुडिओवाले एरवी निगेटिव्ह हातची सोडत नसत. मयताची मात्र दुकानात ठेवायला त्यांनाही नको असायची, घरच्यांना देऊन टाकत.

मावशींनी निगेटिव्ह दिली नाही, कुसुमताईंबरोबर स्वतःच घेऊन आल्या. बहीण गेली तेव्हा त्या परकरातली पोर होत्या. स्टीलच्या डबीतून निगेटिव्ह काढली आणि मी बघते तो पदरानं पुसायला निघाल्या! मी इतक्या जोरात ओरडले की आतून नवरा धावत आला.

निगेटिव्ह स्कॅन करायची तर उजेड वरून लागतो. माझ्या स्कॅनरच्या झाकणातच दिवा आहे. निगेटिव्हची एक बाजू चकाकते, दुसरी मंद असते. मंद बाजू खाली ठेवली, फुंकणीनं धूळ उडवली, झाकण लावलं. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं असतं; कॉम्प्युटर ते उलटं करून देतो. स्क्रीनवर चित्र वरून खाली उतरायला लागलं. कपाळ, मिटलेले डोळे, हार. फ्रेममधला प्रिंट छातीपाशी संपत होता. हे चित्र संपेना.

खाली मांडी आली. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आणि ते पडू नये म्हणून बाजूनं धरलेले पुरुषाचे दोन हात. बाकी माणूस चौकटीबाहेर.

कुसुमताई खुर्चीतून उठल्या. “मावशी, हे कोन?”

“तू. अजून कोन?”

“मंग मले कापलं काऊन?”

“तुह्या आजीनं कापाले लावलं. मयताच्या मांडीवरचं लेकरू फोटोत राह्यलं तं मायच्या मांगं जाईन, म्हने. लय भेली होती ते. रात्रंदिवस तुह्या नाकाशी बोट धरून पाहे, शास चालू हाय का नाई.”

“अन् हे हात?”

“तुह्या बापाचे. सारे नको म्हनत होते, त्यानं कोनाचं आयकलं नाई. ‘एक डाव घेऊ द्या तिले पोरीले’ म्हने.”

कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडल्या, मावशी रडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले. नवऱ्यानं न सांगता चहा टाकला.

चहा झाल्यावर मी विचारलं, “ताई, डोळ्यांचं काय करू?”

“राहू द्या. घेतलं ना तिनं मले.”

मी फक्त धुळीचे ठिपके काढले. पूर्ण निगेटिव्हचा मोठा प्रिंट करून दिला, कुठंही न कापता. पुढं फोनवर विचारलं, भिंतीवर लावला का, लोक काही बोलले का?

“बोलले ना. सून म्हनली, मायच्या मांडीवर लेकरू हाय, त्याले काय भ्याचं? तिनंच खिया ठोकाले जागा दाखवली.”

प्रिंटवर ज्याची त्याची कात्री चालते. निगेटिव्हच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही. म्हणून हल्ली कुणी फ्रेम घेऊन आलं की मी आधी निगेटिव्ह विचारते. बहुतेकांकडे नसते. तरी म्हणते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून या.