फाटक्या कानाचा

माझा थोरला भाऊ देवदत्त वनखात्यात मजूर आहे. सव्वीस वर्षं झाली. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ, आणि मागच्या भिंतीपलीकडे जंगल. बिबट्यासाठी पिंजरा लावायचा झाला की साहेबलोक आधी दादाला विचारतात.

स्वस्थ बसणं त्याच्या नशिबीच नाही. जेवतानासुद्धा एक पाय दाराबाहेर. पण गेल्या माघात चाळीतल्या नितेशच्या सात वर्षांच्या जान्हवीवर बिबट्याने झडप घातली, त्यानंतरची त्याची घालमेल मी आधी कधी पाहिली नव्हती. पोर वाचली. मानेला अठरा टाके पडले.

झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात दोन जनावरं दिसली. एक म्हातारा नर, डावा कान फाटलेला. जान्हवीच्या आजीने तोच कान पाहिला होता. दुसरी मादी, मागे दोन पिल्लं.

"ती अडकली तर पिल्लं उपाशी मरतील," दादा म्हणाला, "आणि म्हातारा मोकळाच. मग पुढची पाळी कुणाच्या पोरीची?"

नाल्याकडची वाट नराची. तिथेच दादाने पिंजरा मांडला. आमिषाचं बकरं जाळीपलीकडच्या वेगळ्या खणात, पंजा पोचणार नाही असं. गजांना फांद्या बांधल्या, म्हणजे आतलं जनावर बुजून दात मोडून घेत नाही. रोज उजाडायच्या आत त्याची फेरी ठरलेली.

तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात दिसलं, मादी पिंजऱ्याचं दार हुंगतेय. दादाने साहेबांना फोन केला, दार पडूच नये म्हणून वर दोरीने बांधून टाकलं आणि बकरं घरी आणलं.

नितेश तणतणत आला. "दार बांधून ठेवलंत? भाऊ, माझ्या पोरीचे टाके अजून ओले आहेत!"

"म्हणूनच बांधलंय रे."

"वाघाची दया येते तुम्हाला, माणसाची नाही!"

 दादा वहाणा घालून पुन्हा बाहेर पडला. मादी आपली वरची वाट सोडून खाली का आली, हेच त्याला उमजत नव्हतं. तासाभराने परतला तो थेट स्वयंपाकघरात, माझ्यापाशी.

"शुभा, पिंजऱ्यात मी एक बकरं ठेवलं. तुम्ही बायकांनी बाहेर पंगत मांडलीत की गं!"

पिंजऱ्यापासून वीस पावलांवर वाघोबाचा शेंदरी दगड आहे. जान्हवी वाचली म्हणून एकेक घर तिथे राखणीचा कोंबडा देत होतं. कोंबडा घरी शिजतो, मुंडी आणि भात देवापाशी राहतो. त्याला कुत्री जमली आणि कुत्र्यांमागे मादी. पहिला कोंबडा माझाच होता.

अजून सात घरं बाकी होती. मी रत्नप्रभाकाकींना सांगायला गेले. चाळीतल्या सगळ्यात जुन्या, अजून मालवणीतच बोलणाऱ्या.

"देवाक काय सांगू गो?" त्या म्हणाल्या. "वनखात्याची परवानगी नाय म्हणान?"

"कोंबडा द्या, काकी. पण देवापुढचं मागे ठेवायचं नाही."

"राखणदाराचो वाटो उचलूचो? कोण उचलतलो?"

 आमच्याकडे त्या वाट्याला कुणी शिवत नाही.

"मी उचलते," मी म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बादली घेऊन गेले. हात जोडले, अपराध पोटात घाल म्हटलं, आणि सगळं भरून घेतलं. दगड धुतला. लांबवर दादाने खोल खड्डा खणून ठेवला होता. असं सात दिवस केलं. चौथ्या दिवशी काकी स्वतः पाण्याची कळशी घेऊन आल्या.

कुत्री पांगली. मादी पिल्लं घेऊन वरच्या झऱ्याकडे गेल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. तेव्हा कुठे दादाने बकरं परत ठेवलं आणि दोरी सोडली.

तिसऱ्या पहाटे दार पडलेलं होतं. अख्खी चाळ मागे धावली.

"इथून पुढे कुणी यायचं नाही. मोबाईल खिशात!" दादा ओरडला, आणि वाकून एकटाच पुढे गेला. फांद्यांआडून गुरगुर आली. माझ्या तोंडात रामरक्षा, पण पुढची ओळच आठवेना. आत मादी असली तर?

दादा चालत परत आला. 

"कान फाटलाय."

 नितेश गर्दीतून वाट काढत आला. "भाऊ, एकदा बघू दे त्याला."

"नको. तुझा राग त्याला कळायचा नाही. नुसता गजांवर डोकं आपटून घेईल."

नितेश पुढे गेला नाही. गाडी आणि डॉक्टर यायला नऊ वाजले. तोवर तो आणि दादा पिंजऱ्याकडे पाठ करून, हात पसरून लोकांना मागे सारत राहिले. एकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुसऱ्याचा पाय काही एका जागी ठरत नव्हता.