तालमीतली नायिका

खांद्यावरचा दुपट्टा भाऊ डोक्यावर घेत, हनुवटीखाली दोन बोटांनी धरत आणि खुर्चीत तिरके बसून म्हणत, "हं, विचार आता. मी नायिका."

पन्नाशीचा, जाड मिशीचा माणूस नायिका झालेला पाहून तुम्हीही हसला असता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले नाही. नोकरीचा माझा तिसराच दिवस होता आणि सर्व्हरच्या कोडची टेस्ट कशी लिहायची, एवढंच मी विचारलं होतं.

चंद्रपूरला सायकलच्या दुकानावरच्या माडीवर आमचं चार माणसांचं ऑफिस होतं. ते तिथले सगळ्यांत जुने. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मी मूल शहराजवळच्या गावची. वडील राइस मिलमध्ये हमाल, घरात पदवी घेतलेली मी पहिली. मुलाखतीत मी अडखळले तेव्हा मालकांना भाऊच म्हणाले होते, "घ्या तिले. शिकवतो मी."

आणि त्यांनी शिकवलं. तरुणपणी ते आपल्या गावच्या नाटकात असत. आमच्या झाडीपट्टीत नाटकाची नायिका बाहेरगावाहून येते, तीही प्रयोगाच्याच दिवशी. तोवर तालमीत तिच्या जागी गावातलाच कोणीतरी उभा राहून तिची वाक्यं म्हणतो. भाऊंनी अशा कितीतरी नायिका केल्या होत्या.

"हाच तुहा स्टब," ते म्हणाले. "खऱ्या सर्व्हरले दरवेळी कशाले त्रास द्यायचा? त्याच्या जागी हा उभा करायचा. आपण सांगू तेच तो बोलते."

"आणि मॉक?"

"मॉक म्हणजे तोच माणूस, पण ध्यान ठेवणारा. नायक किती वेळा जवळ आला, काय बोलला, सारं मोजते आणि तालीम संपली की मास्तरले सांगते." मग दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "एक ध्यानात ठेव. तालमीतली नायिका कधी रागावत नाई. खरी रागावते."

टेस्ट नापास होऊन पडद्यावर लाल दिसली की सुरुवातीला मी ती घाईघाईने बंद करत असे. ते म्हणत, "घाबरतं काऊन? लाल झाली म्हणजे तिनं खरं सांगितलं. खरं सांगणारीले रागावू नाई." दुपारी त्यांच्या डब्यातली अंबाडीची भाजी अर्धी माझ्या डब्यात येई. नको म्हटलं तर, "तुह्या वहिनीनं तुह्यासाठीच जास्त टाकली. आता वापस नेऊ काय?"

त्या वर्षी आम्हाला एका खाजगी प्रयोगशाळेचं काम मिळालं. गडचिरोलीकडच्या गावांतून रक्ताचे नमुने तिथे येत. अहवाल तयार झाला का, हे आमचा सर्व्हर प्रयोगशाळेच्या सर्व्हरला विचारायचा आणि गावातल्या आरोग्यसेविकेच्या फोनवर कळवायचा. टेस्ट माझ्याकडे होत्या. स्टब लिहिण्याआधी मी भाऊंना विचारलं, "खरा सर्व्हर काय काय उत्तरं देतो?"

त्यांनी कागदावर दोन लिहिली. तयार. तयार नाही.

"तिसरं काही?"

"काऊन शंका घेऊन राह्यली? दोनच."

मी स्टब लिहिला आणि वर टीप टाकली : खरा सर्व्हर हीच दोन उत्तरं देतो, भाऊंनी सांगितलं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. ठरल्या तारखेला काम गेलं. भाऊंनी सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले.

ऐन उन्हाळ्यात एका आरोग्यसेविकेचा फोन आला. "मॅडम, एक म्हातारबा तापात तीनदा येऊन गेले. दहा दिवस झाले, तुमचं आपलं 'तयार नाही'च चालू हाय."

प्रयोगशाळेचा सर्व्हर दुसऱ्या दिवसापासून तिसरंच उत्तर देत होता : नमुना खराब, पुन्हा पाठवा. उन्हात, वाटेतच रक्त खराब झालं होतं. आमच्या सर्व्हरला ते उत्तर ठाऊक नव्हतं. जे 'तयार' नाही ते सगळं तो 'तयार नाही' म्हणून कळवत होता. म्हातारबांचं रक्त पुन्हा घेतलं, अहवाल आला, औषध सुरू झालं. पण मधले दहा दिवस त्यांनी तापात काढले होते.

बैठकीत मालकांनी विचारलं, "टेस्ट कोणी लिहिल्या?"

भाऊ म्हणाले, "पोरीनं. स्टब तिचाच हाय. नवीन हाय, शिकून जाईल."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते माझ्याकडे किती वेळा पाहतात, ते मी मोजत होते. एकदाही पाहिलं नाही.

मालकांनी लेखी खुलासा मागितला. त्यासाठी मी ऑफिसच्या खात्यातले प्रयोगशाळेचे जुने मेल उघडले. काम पोचवण्याच्या तीन आठवडे आधी, मी स्टब लिहिण्यापूर्वीच, त्यांनी कळवलं होतं : यापुढे तिसरं उत्तरही येईल. खाली भाऊंचं उत्तर होतं : मिळालं. टेस्टमध्ये घेतो.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "भाऊ, तुम्हाले माहीत होतं."

ते दुपट्ट्याची घडी करत होते. "होतं."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी टेस्ट लाल केली असती. मी नाई म्हटलं तरी ऐकलं नसतं तू. पुढचे आठ दिवस त्यातच गेले असते. तारीख होती न, पोरी."

ते मला किती नीट ओळखत होते, हे मला त्या जिन्यात कळलं. त्यांनी विसरून केलं असतं, तर मी कधीच विसरले असते.

तो मेल मी खुलाशाला जोडला नाही. मुलाखतीतलं त्यांचं "घ्या तिले" आठवलं आणि हात पुढे गेला नाही. सर्व्हरचं काम माझ्याकडून काढलं. सहा महिने मी जुने फॉर्म कॉम्प्युटरवर भरले. राइस मिलमध्ये वडील अजून सांगत होते, "माही पोरगी सर्व्हर चालवते." मी त्यांना काही सांगितलं नाही. भाऊही मालकांना काही बोलले नाहीत. अंबाडीची भाजी मात्र येत राहिली. मी ती खातही राहिले.

मग त्यांना हैदराबादला मोठ्या कंपनीत नोकरी लागली आणि ते गेले. त्यांची खुर्ची रिकामी झाली, तशा टेस्ट परत माझ्याकडे आल्या. तोवर खराब नमुन्याचं प्रयोगशाळा आरोग्यसेविकांना फोन करूनच कळवत होती. पहिल्याच दिवशी मी स्टबला तिसरं उत्तर शिकवलं. टेस्ट लाल झाली. कोड दुरुस्त केला, मग हिरवी झाली. वरची ती टीप मात्र मी पुसलेली नाही.

गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज होते.

"कशी हाय पोरी? तालीम चालू हाय न?"

"चालू आहे, भाऊ."

मग ते म्हणाले, "माह्यावर रागावली तर नाई न?"

"नाही, भाऊ," मी म्हणाले.

"मले माहीतच होतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. वहिनींना फोन देतो म्हणाले. फोन कानाला धरून मी वाट पाहत राहिले. तालमीतली नायिका कधी रागावत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.