धवल्यांतली खूण

ईरा, नील, परवा तुम्ही मला एक लग्नगीत पाठवलंत आणि खाली लिहिलंत, "आजी, किती गोड!" ते ऐकून मी संतापले. तुमच्यावर नव्हे. गाण्याखाली एका बँजो पार्टीचं नाव होतं. आवाज मात्र अंजूरच्या बारकीबाईंचा. त्यांच्या नावासाठी त्यांची भाची, माझी मैत्रीण हेमलता, हिनं माहेर गमावलं. तुम्हाला हे ठाऊक हवं.

हेमलता आमच्या भिवंडीच्या कॉलेजात गणित शिकवायची, मी इंग्रजी. चाचणीला ती प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एखादा आकडा बदलायची. कोणी कोणाचं पाहून लिहिलं, ते उत्तरातच उघडं पडे. "चुकीवरून घराणं कळतं," म्हणायची.

बारकीबाई धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन लग्न लावायच्या. तेव्हा सीडीचे दिवस होते. हेमलतानं त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. बाईंची अट एकच: "माजं नाव टाक गो. मना वाचता येत नाय, पन लोकांना येतं."

नातेवाइकांना दिलेल्या प्रत्येक सीडीत हेमलतानं कानाला न कळणाऱ्या खुणा पेरल्या. कुठे आवाज किंचित चढा, कुठे नाही. प्रत्येकाची मांडणी निराळी. दोन सीडी कापून जोडल्या, तरी माग लागावा असं ते गणित होतं.

वर्षभरात तीच गाणी बाजारात आली. वर बँजोचा दणका आणि वेष्टनावर त्या पार्टीचं नाव. हेमलतानं खुणा तपासल्या. निघाले तिचेच दोघे भाऊ. मी तिच्याबरोबर अंजूरला, तिच्या माहेरी गेले.

धाकटा चक्क हसला. "ताय, अर्धी माजी लावली, अर्धी दादाची. तरी कललं व्हय तुला?"

थोरला उखडला. "रक्ताच्या मानसाला चोर बोलतेस? मावशीला दोन लुगडी देऊ. मिटव."

"लुगडी नकोत. तिचं नाव छापा."

"नाव काय चाटायचं हाय? मंग हे घर तुजं न्हाय."

"गणिताला भाऊबंद नसतात, दादा," म्हणून ती उठली.

पुढे घरच्या एकाही लग्नाचं आमंत्रण तिला आलं नाही. "बाईनं भावांशी असं वागू नये," असं शिकलेली माणसंही म्हणाली. चोरी सगळ्यांना पचली; पकडणारी पचली नाही.

बारकीबाई गेल्या. मागच्या वर्षी हेमलताही गेली. भाऊ हार घेऊन आले, तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

हेमलतानं मला दिलेली सीडी अजून वाजते. बाजारातल्या सीडीत कापलेली सुरुवात तिच्यात आहे. पहिल्या धवल्याआधी बाई घसा खाकरतात आणि म्हणतात, "मी बारकीबाय, अंजूरची."