खिडक्यांचं विमान

तरुणपणी मी मनातल्या मनात एका विमानाला होकार देऊन बसले होते. मुलगा, म्हणजे आताचे आमच्या नातवंडांचे आजोबा, फोटोत त्याला नुसते टेकून उभे होते. एकाहत्तरच्या लढाईनंतरचे दिवस ते. मुलगा एअरफोर्समध्ये आहे, एवढंच आत्यानं सांगितलं होतं. लढाऊ वैमानिक त्याला मीच करून टाकलं आणि प्रताप नगरात घरोघर सांगत सुटले.

होकार कळवायच्या आदल्या दिवशी धाकट्या बहिणीला घेऊन सीताबर्डीला लढाईचा सिनेमा पाहायला गेले. फोटो पर्समध्ये होताच. शेजारी एक टकले गृहस्थ शेंगा फोडत बसले होते. पडद्यावर विमान आलं रे आलं की ते त्याचं नाव मोठ्यानं सांगायचे. शत्रूचं विमान पडलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, तर हे ओरडले, "अबे, हे तर आपलंच हंटर हाय! रंग फासला त्याले!"

"ओ काका, पिक्चर पाहू द्या ना!" मागून कोणी तरी खेकसलं.

मध्यंतरात मी फोटो पुढे केला. "काका, हे लढाऊच आहे ना? उद्या स्थळाला होकार कळवायचा आहे."

टरफलं झटकून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "डकोटा हाय. सामान वाहून नेते. लढाऊ विमानाले खिडक्यांची रांग काहून राहीन वं?"

माझं तोंड एवढंसं झालं. "मग मुलगा कसा वाटतो?"

फोटो माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "विमान मी ओळखतो, पोरी. पोरगा तुलेच ओळखा लागन."